मशीनमन थांबतात, मुलं थांबत नाहीत

वाचकाचं पत्र

माझं वय एकसष्ट. १९९४ साली पणजीतल्या एका छापखान्यातली नोकरी सोडून फोंड्यात स्वतःची प्रेस काढली. आज अकरा माणसं कामाला आहेत. आमचे मशीनमन पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. ट्रेडल मशीनवर लागले, पुढे ऑफसेट आलं (मीच त्यांना दोन महिने बेळगावला शिकायला पाठवलं होतं), तेही त्यांनी हातात घेतलं. जत्रांच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत मशीन चालवलंय, कधी घड्याळाकडे बघितलं नाही. पुढच्या वर्षी ते अठ्ठावन्नाचे होतील.

आणि आताची मुलं! डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला, शिरोड्याची एक मुलगी आहे, पंचवीस वर्षांची. हुशार आहे, पण सहा वाजले की पर्स खांद्याला. कामाच्या वेळेत काजूच्या डब्यांची चित्रं काढत बसते. मशीनवर मदतनीस म्हणून सत्तरी तालुक्यातला चोवीस वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या बापाने एकेकाळी खाणीवर ट्रक लावला होता. हा मुलगा जेवणाच्या सुट्टीतही सरकारी नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसतो.

गेल्या महिन्यात एका देवस्थानच्या उत्सवाची पत्रिका छापली. शनिवारी रात्री साडेआठला कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला: तिसऱ्या दिवसाच्या पालखीच्या यजमानांत एका महाजन घराण्याचं नाव गळलंय. प्रूफ त्यांनीच फोनवर ओके केलं होतं, पण तेव्हा ते कोण ऐकतो? रविवारी पत्रिका वाटायच्या होत्या. फाइल त्या मुलीच्या कॉम्प्युटरवर, पासवर्ड तिलाच ठाऊक. नऊ वेळा फोन केला, उचलला नाही. सोमवारी विचारलं तर म्हणाली, ‘शेट, शनिवारी सहाला माझी ड्युटी संपली होती.’ हे मला फार लागलं. माझा मुलगा म्हणतो, ‘जमाना बदललाय.’ मी दर दिवाळीला बोनस देतो. गेल्या वर्षी सगळ्यांना स्वखर्चाने तिरुपतीला नेऊन आणलं. या पिढीला नेमकं हवंय तरी काय? पगार वाढवू, की दोघांनाही काढून दुसरी माणसं बघू?

— एक प्रेसमालक, फोंडा

उत्तर

नमस्कार भाऊ,

दोघांनाही काढू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या शेवटच्या ओळी वाचून वाटलं की निर्णय जवळजवळ झालाय आणि माझ्याकडून फक्त होकार हवाय. तो मी देणार नाही. पण तुम्हाला जे लागलं ते लागण्यासारखंच होतं. देवस्थानच्या पत्रिकेत एखाद्या घराण्याचं नाव गळतं म्हणजे काय होतं, हे अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या भागात, राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पालखीचा मान आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला असतो. नाव राहिलं की ते घराणं कमिटीला बोलतं आणि कमिटी तुम्हाला. त्या रात्री तुम्ही एकटे पडलात आणि मदतीला कुणी आलं नाही, हे खरं आहे.

मुलीचंही चुकलं. तेवढे फोन दिसल्यावर ‘मला आता येता येणार नाही, फाइल अमुक फोल्डरमध्ये आहे, पासवर्ड हा’ एवढा मेसेज टाकायला तिला दोन मिनिटं लागली असती. यायचं की नाही हा तिचा हक्क होता, पण कळवायला हवं होतं. हे तिला जरूर सांगा, शांतपणे आणि चारचौघांत न सांगता.

आता ती रात्र जरा सुटी करून बघू या. प्रूफ फोनवर ओके झालं. छपाईच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला मी काय सांगणार, पण कागदी प्रूफवर गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घेतल्याशिवाय प्लेट करायची नाही हा नियम तुम्ही स्वतः पणजीच्या छापखान्यात शिकला असणार. व्हॉट्सअॅप आल्यापासून तो सगळीकडेच सैल झालाय. दुसरं म्हणजे, अकरा माणसांच्या प्रेसमध्ये ऐन उत्सवाच्या कामाची फाइल एकाच कॉम्प्युटरवर होती आणि पासवर्ड एकाच माणसाकडे. ती मुलगी त्या दिवशी तापाने फणफणली असती तरी हेच झालं असतं. तिसरं म्हणजे, तिने फोन उचलला असता तरी ती आली कशी असती? रात्री साडेआठनंतर शिरोड्याहून फोंड्याला यायला बस मिळणं कठीण, आणि काम आटपून परत जायला तर काहीच नाही. गोव्यात आतल्या गावांतल्या बसची काय कथा आहे ती तुम्ही-आम्ही जाणतो. तुमचे मशीनमन कुठे राहतात ते पत्रात नाही, पण रात्री दोनला मशीन बंद करून ते घरी जायचे त्याअर्थी जवळपास राहत असावेत किंवा दाराशी स्कूटर असावी. घरी गेल्यावर ताट वाढायला आणि पोरांचा अभ्यास घ्यायला कुणीतरी होतं, हेही मी धरून चालते. त्यांच्या रात्री दोनपर्यंतच्या कामात त्या माऊलीचाही वाटा आहे. तिचं नाव कुठल्याच पत्रिकेत छापलं गेलं नाही.

हे मशीनमनचं मोठेपण कमी करण्यासाठी लिहीत नाही. माणसाचा स्वभाव म्हणून आपण जे मोजतो त्यात बराचसा भाग परिस्थितीचा असतो, एवढंच म्हणायचंय. एकाला थांबणं शक्य होतं, दुसरीला नाही. त्यावरून एक पिढी निष्ठावान आणि दुसरी बेपर्वा असं ठरवायला मी तयार नाही.

तुम्हालाच विचारते. १९९४ साली तुम्ही तिशीचे होतात. पणजीतली चालू नोकरी सोडून बाहेर पडलात. तुमचे तेव्हाचे मालक घरी जाऊन काय म्हणाले असतील? आजकालच्या पोरांना धीर नाही, शिकवलं-सवरलं आणि हा निघाला स्वतःची प्रेस काढायला, असंच काहीतरी म्हणाले असतील. पंचविशी-तिशीतल्या माणसाला पुढे जायची घाई असते आणि पन्नाशी ओलांडलेल्याला हातातलं टिकवायची काळजी. हा वयाचा फरक आहे, तो प्रत्येक काळात होता. आपण त्याला पिढीचा फरक म्हणतो आणि मग ‘या पिढीला काय हवंय’ असा कुणालाच उत्तर देता न येणारा प्रश्न विचारतो. अमेरिकेत या विषयावर इतकं लिहिलं-बोललं जातं की तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी तज्ज्ञांची समिती नेमून सगळं संशोधन तपासून घेतलं. २०२०च्या अहवालात समितीने स्पष्ट सांगितलं की जन्मसालावरून माणसांचे गट पाडून त्यांना कसं वागवायचं ते ठरवण्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. एकाच वयाच्या दोन माणसांत खूप फरक असतो. तुमच्याच प्रेसमध्ये बघा. मुलीला डबे काढायचेत, मुलाला सरकारी नोकरी हवीय. दोघांत एका वर्षाचं अंतर, आणि तोंडं दोन दिशांना.

तरी ‘जमाना बदललाय’ हे तुमच्या मुलाचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढ्यांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की नुसतं एका साली जन्मल्याने पिढी होत नाही. ऐन उमेदीच्या वयात जे एकत्र सोसलं-पाहिलं त्याने ती घडते. हे मला पटतं, कारण गोव्यात ते डोळ्यांसमोर घडलंय.

तुमच्या सत्तरीच्या मुलाचं घ्या. त्याच्या बापाने खाणीवर ट्रक लावला होता ही गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्या मते तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४च्या एप्रिलमध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, कामं हळूहळू सुरू झाली, लोकांनी पुन्हा टायर-बॅटऱ्या घातल्या. मग ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. न्यायालयाला कारणं होती, बेकायदा उत्खनन झालं होतं, नद्या आणि शेतं गाळाने भरली होती, त्याबद्दल दुमत नाही. पण घरात बसलेल्या पोराला काय दिसलं? पहिल्या वेळी तो शाळेत होता, दुसऱ्या वेळी बारावीच्या आसपास. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत त्या काळात कित्येक घरांसमोर ट्रक उभे होते, चाकांभोवती गवत वाढलेलं, आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. बापाने रात्रंदिवस खेपा मारल्या, कामात कुचराई केली नाही, तरी एका दिवसात काम गेलं आणि वर्षं-वर्षं परत आलं नाही. शेजारचा शाळामास्तर किंवा पंचायतीतला कारकून तेवढा महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन येत होता.

अशा घरातला मुलगा जेवणाच्या सुट्टीत गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेचं पुस्तक उघडतो, तेव्हा तो तुमच्या प्रेसचा अपमान करत नसतो. खाजगी कामावर विसंबून घर कसं बुडतं ते त्याने पाहिलेलं आहे. मला स्वतःला वाईट वाटतं की गोव्यातली इतकी चलाख मुलं एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या, जागांसाठी वर्षानुवर्षं फॉर्म भरत राहतात. हाताला कसब असलेला मशीनमन मला कारकुनापेक्षा मोठा वाटतो. पण हे माझं मत त्याच्या आईला पटवायला मी त्यांच्या घरी जाऊ शकत नाही, आणि गेले तरी तिने का ऐकावं?

आता मशीनमनकडे वळू या. ते तुमच्याकडे इतकी वर्षं का राहिले? तुम्ही म्हणता, ती पिढीच तशी. मला तसं वाटत नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय: तुम्ही त्यांना दोन महिने बेळगावला शिकायला पाठवलंत. त्या वेळी ट्रेडल चालवणाऱ्या कितीतरी माणसांचं काम ऑफसेटने गेलं. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणारे कंपोझिटर कुठल्या कुठे फेकले गेले. तेव्हा तुमच्यासारख्या छोट्या मालकाने दोन महिन्यांचं काम अडवून, पगार चालू ठेवून, त्यांना नवं मशीन शिकायला पाठवलं. म्हणजे तुम्ही त्यांना न बोलता सांगितलंत की उद्याच्या प्रेसमध्ये तुमची जागा आहे. घरातल्या लग्नाला, आजारपणाला तुम्ही उचल दिली असेल, चवथीला घरी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान भरायला चार पैसे आगाऊ दिले असतील. कागदावर काही नव्हतं, पण शब्द होता आणि तुम्ही तो पाळलात. त्या शब्दावर ते रात्री दोनपर्यंत उभे राहिले.

या दोन मुलांना तुम्ही कुठला शब्द दिलाय? पत्र परत परत वाचलं. बोनस दिसला, तिरुपती दिसली. उद्याचं काही दिसलं नाही.

बोनस आणि सहल वाईट नाहीत, त्या देत राहा. पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागात सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांना विचारलं होतं की नोकरीत तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. वाईट वाटल्याच्या गोष्टींत बहुतेक करून नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा हे आलं. बरं वाटल्याच्या गोष्टींत एखादं काम तडीस गेलं, कुणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली, हे आलं. म्हणजे पगार वेळेवर आणि रास्त नसेल तर माणूस कुरकुरतो. तो दिला की कुरकूर थांबते, पण तेवढ्याने काम अंगात भिनत नाही. या अभ्यासावर पुढे टीकाही झाली, पण हा भाग मी कारखान्यांच्या कार्मिक विभागात काम करताना पुष्कळदा पाहिला. सोडून जाणाऱ्याला कारण विचारलं की तो आधी पगार सांगतो, कारण ते सांगायला सोपं असतं. चहा होईपर्यंत बसवून ठेवलं की हळूच दुसरं निघतं: तीन वर्षांत नवीन काही शिकलो नाही, किंवा साहेबांना माझं नावसुद्धा धड माहीत नाही. ते लोक काही पंचवीस वर्षांचेच नसत. पन्नाशीतले फिटरही हेच सांगत.

म्हणून त्या काजूच्या डब्यांकडे जाऊ. मुलगी कामाच्या वेळेत चित्रं काढते ही तुम्हाला तक्रार वाटते. मला ती तुमच्या प्रेसमधली सगळ्यात आशेची गोष्ट वाटते. लग्नपत्रिका आता निम्म्या मोबाइलवरच जातात. हँडबिलांचं, बिलबुकांचं काय होतंय ते तुमच्या खातेवहीत दिसत असेलच. छपाईत जे वाढतंय ते वेष्टनाचं काम. काजूगर, कोकम, घरगुती मसाले, बिमलीचं लोणचं विकणारे बचत गट आणि छोटे उद्योजक गोव्यात गावोगावी आहेत; फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून चांगल्या लेबलाची गरज वाढलीय. प्रत्येकाला दोनशे-पाचशे डबे हवे असतात, आणि एवढ्या थोड्या कामासाठी मोठा छपाईवाला दारात उभं करत नाही. ते काम तुमचं होऊ शकतं. त्या मुलीने कुणी न सांगता ते ओळखलंय. तिला तुम्ही काय म्हणालात? बहुतेक, ‘आधी पत्रिका संपव.’ सहा वाजता पर्स खांद्याला का लागते याचं एक कारण बसचं आहे आणि दुसरं मला वाटतं हे आहे.

तिला एक दिवस बोलवा आणि म्हणा, ते डबे जरा दाखव. संगणकावर नव्हे, छापून, कापून, घडी घालून दाखव. डाय कटिंगला, म्हणजे साच्याने कापायला, किती पडेल, कुठला पुठ्ठा लागेल, हे मशीनमनना विचारून हिशोब काढ. गुरुवारी दुपारचे दोन तास त्याला दिले. पहिलं गिऱ्हाईक तू आण, बोलणी तू कर, मी बाजूला बसतो. आणि डबा बाजारात गेला की त्याच्या तळाला प्रेसच्या नावाबरोबर तिचंही नाव बारीक अक्षरात जाऊ द्या. तुम्हाला त्याचा खर्च काहीच नाही. पुढे वेष्टन डिझाइनचा एखादा कोर्स तिला करायचा असेल तर फी अर्धी तुम्ही भरा. ती शिकून निघून गेली तर, असं तुम्ही विचाराल. जाऊ शकते. बेळगावहून परत न येण्याचा धोका मशीनमनच्या बाबतीतही होता आणि तुम्ही तो पत्करलात.

जादा वेळेचं मात्र कागदावर आणा. कार्तिकापासून वैशाखापर्यंत तुमच्याकडे जत्रा, काले, लग्नं यांची गर्दी असते. ती दरवर्षी येते, अचानक येत नाही. मग मोसमाच्या आधी भिंतीवर तक्ता लावा: कुठल्या शनिवारी रात्री दहापर्यंत कोण फोनवर उपलब्ध. ज्याची पाळी त्याने फोन उचलायचा, ज्याची नाही त्याला करायचा नाही. कुणी थांबलंच तर दुप्पट दराने पैसे. १९४८च्या कारखाना कायद्यात जादा कामाला दुप्पट वेतन होतं आणि छपाई त्या कायद्याच्या व्याख्येत मुळापासून होती. नव्या वेतन संहितेतही दुप्पट दर कायम आहे. तुमच्या आकाराच्या प्रेसला नेमकं कुठलं कलम लागतं ते सल्लागाराला विचारा, पण कलमाची वाट न बघता दुप्पट द्या. उशीर झाला तर मुलींना घरापर्यंत सोडायची गाडी प्रेसची. मशीनमननाही हेच पैसे द्यायचे, हे विसरू नका. ‘ते कुठे मागतात?’ असं मनात आलं असेल तर तो विचार बाजूला ठेवा.

कारण मशीनमनबद्दल मला थोडी काळजी वाटते. तुमच्या सगळ्या पत्रात त्यांचं एकही वाक्य नाही. मुलीचं बोलणं आहे, तुमच्या मुलाचं आहे, कमिटीच्या सेक्रेटरींचं आहे. त्यांनी कधी घड्याळाकडे बघितलं नाही असं तुम्ही लिहिता. बघितलं असेल आणि तुम्हाला दिसलं नसेल असंही होऊ शकतं. काही माणसांना नाही म्हणायची सवय नसते. अठ्ठावन्नाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला रात्री दोनपर्यंत मशीनवर उभं राहायला अजूनही आवडतं का, हे त्यांना कुणी विचारलंय? मला वाटतं त्यांना आता दुसरं काहीतरी हवं असेल. इतक्या वर्षांत हाताला जे कळतं, शाईचा पातळपणा पावसाळ्यात किती ठेवायचा, कागदाला दमट हवेचं पाणी धरलं की रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, कसं हलतं, मशीनचा आवाज बदलला की काय बिघडणार, ते कुणाला तरी देऊन जावंसं वाटत असेल. त्यांना मोसमात रात्रपाळीतून मोकळं करा आणि शिकवण्याचं काम द्या. पगारात त्याचा वेगळा आकडा दाखवा.

आणि त्यांच्या ग्रॅच्युइटीचा हिशोब आत्ताच करून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला १९७२च्या कायद्याने ती बंधनकारक झाली, आणि सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे: शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा वेतन २६,००० रुपये धरलं, तर एका वर्षाचे १५,००० झाले, आणि ३१ वर्षांचे ४,६५,०००. छोट्या प्रेसला ही रक्कम एका दिवसात उभी करणं जड जातं. तयारी नसली की मग घासाघीस सुरू होते, ‘निम्मे आता घ्या, निम्मे दिवाळीला’. हे मी चांगल्या मालकांच्या हातून होताना पाहिलंय. आतापासून दरमहा वेगळी रक्कम बाजूला काढा, आणि मशीनमनना आकडा लिहून सही करून द्या. तुम्ही त्यांना गिफ्ट म्हणून घड्याळ-शाल द्याल, भाषण कराल, ते सगळं चांगलंच. पण त्या दिवशी प्रेसमधली मुलं शाल बघणार नाहीत. तुमच्याकडे आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हातात शेवटी किती पडलं, ते बघतील, आणि त्यावरून तुमच्याकडे किती वर्षं काढायची ते ठरवतील. खाणीवरच्या ट्रकवाल्याचा मुलगा तर नक्कीच.

आता त्या मुलाचं. त्याला मशीनमनच्या हाताखाली नीट द्या. मदतनीस म्हणून कागद उचलायला नव्हे, शिकायला. सहा महिन्यांनी कुठलं मशीन एकट्याने चालवता आलं की पगार किती वाढेल, वर्षाने किती, हे एका कागदावर लिहून द्या. त्याला लांबच्या गोष्टी सांगू नका. ‘तुझं पुढे बघू’ या वाक्यावर त्याच्या घरात कुणाचा विश्वास उरलेला नाही. जवळचं, मोजता येणारं सांगा आणि त्या तारखेला करा. दोन-तीनदा तारीख पाळलीत की तो थोडा लांबचा विचार करायला लागेल. भविष्य निर्वाह निधीत त्याचे पैसे जात असतील तर खात्यातली शिल्लक मोबाइलवर कशी बघायची ते त्याला दाखवा. स्वतःच्या नावावर साठणारी रक्कम डोळ्यांना दिसली की खाजगी नोकरीचीही थोडी खात्री वाटते.

परीक्षेचं पुस्तक त्याला उघडू द्या. परीक्षेच्या दिवशी रजा मागायच्या आधीच द्या, म्हणजे तो पोटदुखीचं कारण सांगणार नाही. कदाचित मशीन हातात आल्यावर त्याचं मन बदलेल, कदाचित नाही. त्याला सरकारी नोकरीचा आदेश आलाच तर एवढंच मागा की महिनाभर आधी सांग आणि त्या महिन्यात पुढच्या मुलाला मशीन दाखव. जाईल त्या दिवशी पेढे त्याच्याकडून खा आणि हिशोब तुम्ही चुकता करा; नव्या वेतन संहितेत त्यासाठी दोन कामाचे दिवस दिलेत, तुम्ही त्याच दिवशी करा. सत्तरीत त्याचे मित्र, चुलतभाऊ आहेत. पुढचा मदतनीस तुम्हाला तिथूनच मिळेल.